छोट्या बेटाची भांडवली गुंतवणूक कशी वाचावी: मॉरिशसच्या आकड्यांवरून

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आणि क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख आणि रत्नागिरीत सोळा लाख माणसं होती. म्हणजे माणसांच्या हिशेबात हा देश आपल्या या दोन जिल्ह्यांच्या मध्ये बसतो आणि जमिनीच्या हिशेबात सिंधुदुर्गाच्या निम्म्याहूनही लहान आहे. एवढ्याशा अर्थव्यवस्थेत दोन मोठी विमानं आली किंवा एक रेल्वेमार्ग पडला की अख्ख्या देशाचा गुंतवणुकीचा आकडा वरखाली होतो. भारताच्या आकड्यांत अशी खरेदी कुठे विरून जाते ते कळतही नाही. म्हणूनच भारताचे आकडे वाचून बसलेली नजर इथे फसते.

कोकणातून मॉरिशसकडे बघणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतात. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्यांची पुढची पिढी तिथे आजही मराठी म्हणवून घेते, त्यामुळे काहींचा ओढा नात्याचा. काहींचा धंद्याचा: हॉटेलचं फर्निचर, ॲल्युमिनियमची कामं, बोटींची इंजिनं. शिवाय अर्थशास्त्राचा प्रकल्प करणारे विद्यार्थी आहेतच. खालची पद्धत या सगळ्यांना चालेल. एक्सेल शीट, इंटरनेट आणि पहिल्या वेळी एक अख्खी दुपार एवढंच लागतं.

आधी आकडा कोणता ते ठरवा

‘गुंतवणूक’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळे आकडे फिरत असतात. पहिला स्थूल स्थिर भांडवल निर्मितीचा: वर्षभरात देशात नव्याने उभ्या राहिलेल्या इमारती, रस्ते, धरणं, यंत्रं, वाहनं. दुसरा थेट परकीय गुंतवणुकीचा, म्हणजे एफडीआयचा: बाहेरून मालकीसाठी आलेला पैसा, मग त्यातून काही उभं राहो वा न राहो. तिसरा सरकारी अंदाजपत्रकातल्या भांडवली खर्चाचा. हे तीन एकमेकांत मिळवायचे नाहीत आणि एकाच्या जागी दुसरा वापरायचा नाही. कल पाहायचा असेल तर कणा पहिल्या आकड्याचा. बाकीचे दोन त्याच्या शेजारी ठेवायचे.

पहिल्या आकड्यात काय धरत नाहीत तेही पक्कं असू द्या. जमिनीची किंमत त्यात नसते. जमीन सपाट करणं, बांध घालणं, गटार काढणं हा खर्च असतो. जुना बंगला एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर व्यवहारावरचं शुल्क आणि दलाली सोडली तर काहीच मोजलं जात नाही. घरगुती वापराची गाडी ही उपभोगात जाते, पण तीच गाडी टॅक्सीवाल्याने किंवा कंपनीने घेतली की भांडवलात. २०२४ च्या जानेवारीत बेलाल चक्रीवादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वादळानंतर कंपन्या गाड्या बदलतात तेव्हा गुंतवणूक वाढलेली दिसते, पण देशाकडे आधीपेक्षा जास्त गाड्या झालेल्या नसतात.

शीट कशी मांडायची

आकडे ‘स्टॅटिस्टिक्स मॉरिशस’ या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय लेख्यांच्या (देशाच्या उत्पादन-खर्चाच्या हिशेबाच्या) विभागात मिळतात. वार्षिक तक्ते घ्या. तिमाही आकड्यांत हंगामी चढउतार इतके असतात की नवख्याने त्यांच्या नादाला लागू नये. किमान पंधरा वर्षं घ्या आणि सुरुवात २००७ च्या सुमारास करा. नंतरची घसरण कुठून सुरू झाली ते त्याशिवाय दिसत नाही.

आडव्या ओळीत वर्षं आणि उभ्या रकान्यात हे क्रम लावा: एकूण भांडवल निर्मिती चालू (त्या त्या वर्षीच्या) किमतींना, त्यातलं विमान आणि जहाज, निवासी इमारती, बिगरनिवासी इमारती, इतर बांधकाम (रस्ते, धरणं, वाहिन्या), यंत्रसामग्री आणि वाहनं, सरकारी क्षेत्र, खाजगी क्षेत्र, जीडीपी, आणि संस्थेने स्वतः दिलेला वास्तव (महागाई वगळून) वाढीचा दर.

एककांत सगळ्यात जास्त घोटाळे होतात. तिथले तक्ते दशलक्ष रुपयांत असतात. हजार दशलक्ष म्हणजे एक अब्ज, म्हणजेच शंभर कोटी. शिवाय हे रुपये मॉरिशसचे. तो एक रुपया अलीकडे आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या दरम्यान असतो. बातम्यांमध्ये नुसतं ‘रुपये’ लिहिलेलं असतं आणि वाचणारा तो आकडा तसाच आपल्या रुपयांत धरतो.

दुसरा घोटाळा कालखंडाचा. राष्ट्रीय लेखे जानेवारी ते डिसेंबर चालतात आणि अंदाजपत्रक जुलै ते जून. त्यातही २०१० पासून सरकारने आर्थिक वर्ष कॅलेंडरशी जुळवलं होतं. जुलै २०१५ पासून ते पुन्हा जुलै–जूनवर नेलं, मधल्या सहा महिन्यांचं वेगळं अंदाजपत्रक करून. त्यामुळे सरकारी भांडवली खर्चाची लांब मालिका लावली की २०१५ पाशी एक खड्डा दिसतो. तो कामं थांबल्याचा खड्डा नाही, वर्ष अर्धं असल्याचा आहे. आपलं एप्रिल–मार्च यात मिसळायला गेलात तर गुंता आणखी वाढेल. सगळं कॅलेंडर वर्षावर ठेवा.

सगळी वर्षं एकाच, ताज्यात ताज्या फाइलमधून घ्या. साधारण पाच वर्षांनी तिथे आर्थिक गणना होते, आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती प्रमाण धरतात ते) बदलतं आणि मागचे आकडेही सुधारले जातात. २०१२ चा आकडा जुन्या पीडीएफमधून आणि २०१९ चा नव्या तक्त्यातून उचलला तर मध्ये जी उडी दिसते ती मोजण्याच्या पद्धतीची असू शकते. जुनी मालिका जोडणं भागच असेल तर दोन्हींत सामाईक असलेलं एक वर्ष शोधा, नव्या आकड्याला जुन्याने भागा आणि त्या गुणकाने मागची सगळी वर्षं गुणा.

विमान आणि जहाज आधी बाजूला काढा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं. २०१७ च्या अखेरीस एअर मॉरिशसच्या ताफ्यात पहिली ए३५० विमानं आली. असं एक विमान म्हणजे शेकडो दशलक्ष रुपये नव्हे, अब्जांची बाब. तिथली सांख्यिकी संस्था स्वतःच विमानं-जहाजं धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे छापते, तरी बातमीत बहुतेक वेळा धरलेलाच येतो.

हिशेबापुरते काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या वर्षी एकूण गुंतवणूक ८० अब्ज, विमान नाही. दुसऱ्या वर्षी ९२ अब्ज, त्यात विमानं ९ अब्जांची. तिसऱ्या वर्षी ८५ अब्ज, विमान नाही. नुसत्या एकूण आकड्यावर दुसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी ७.६ टक्के घसरण दिसते. विमानं वगळली तर ८०, ८३, ८५: वाढ ३.७५ टक्के आणि मग २.४ टक्के. म्हणजे तेजी नव्हती आणि मंदीही नव्हती.

विमान कायमचं वगळून विसरून जायचं नाही, कारण त्यावरचं कर्ज खरंच असतं. एअर मॉरिशस एप्रिल २०२० मध्ये ऐच्छिक प्रशासनाखाली, म्हणजे कर्ज झेपेना म्हणून बाहेरच्या प्रशासकाच्या हाती, गेली, हे लक्षात असू द्या. विमानांचा रकाना वेगळा ठेवायचा, एवढंच. भाडेपट्ट्याच्या प्रकारावरही नोंद अवलंबून असते: मालकीची जोखीम घेणाऱ्याकडे जाते असा पट्टा असेल तर विमान देशाच्या भांडवलात धरतात, साधं भाड्याचं असेल तर धरत नाहीत. विमान तेच, धावपट्टी तीच आणि आकडा वेगळा.

किमतींची सूज उतरवा

वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी बांधकाम आणि यंत्रांच्या किमती ५ टक्क्यांनी वाढल्या असं समजा. मग ८३ ला १.०५ ने भागा: ७९.०५. म्हणजे ८० च्या तुलनेत १.२ टक्के घट. बातमीतली १५ टक्के वाढ दोन पायऱ्यांत उणे झाली.

प्रत्यक्षात भागाकार आपण करायची गरज कमीच पडते, कारण वास्तव वाढीचे दर संस्था देतेच. ते वापरताना टक्क्यांची बेरीज मात्र करू नका. आधारवर्षाला १०० धरा आणि दरवर्षीच्या दराने गुणत चला. एका वर्षी उणे २५ आणि पुढच्या वर्षी अधिक २५ अशी बेरीज शून्य येते, पण १०० चे ७५ आणि ७५ चे ९३.७५ होतात. कोविडच्या वर्षांवर लिहिलेल्या विद्यार्थी प्रकल्पांत हीच चूक सर्रास दिसते.

डॉलरमध्ये आकडे काढण्याचा मोह आवरा. २०१९ मध्ये डॉलरला साधारण ३६ मॉरिशस रुपये पडत, २०२३ मध्ये ४५ च्या आसपास. ८० अब्जांचे ९५ अब्ज झाले तर रुपयांत जवळपास १९ टक्के वाढ. पण त्या त्या दराने डॉलर काढले तर २.२२ अब्जांवरून २.११ अब्ज, म्हणजे घट. तुम्ही माल विकणार असाल आणि बिल डॉलरमध्ये करणार असाल तर ही घट तुमच्या कामाची आहे. देशात किती उभं राहिलं हे पाहायचं असेल तर नाही.

बांधकाम किती, यंत्रं किती

आता खरा कल दिसायला लागतो. मॉरिशसचा गुंतवणूक-जीडीपी दर (गुंतवणूक भागिले जीडीपी) २००९ च्या सुमारास पाव हिश्शाच्या आसपास होता आणि २०१५ ते २०१७ दरम्यान तो सतरा टक्क्यांच्या आसपास उतरला. त्यानंतर थोडा सावरला. नुसतं हे वाक्य प्रकल्पात लिहिलं तर गुण मिळतील, पण कळणार काही नाही. काय घटलं ते पाहिलं पाहिजे.

त्यासाठी मागचा इतिहास थोडा हवा. १९७० च्या निर्यात प्रक्रिया क्षेत्र कायद्यानंतर तिथे कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. गुंतवणूक म्हणजे तेव्हा शिलाई आणि विणकामाची यंत्रं. २००५ च्या सुरुवातीला जागतिक कापड कोटा (कोणत्या देशाने किती कापड विकायचं याची मर्यादा) संपला आणि २००९ मध्ये युरोपशी असलेला, साखरेला ठरलेला चढा भाव देणारा जुना करार. दोन्ही छत्र्या पाचएक वर्षांत गेल्या. सरकारने त्याआधीच २००२ मध्ये परदेशी लोकांना समुद्रकाठी बंगले विकत घेऊ देणारी एकात्मिक रिसॉर्ट योजना काढली होती. २००७ मध्ये छोट्या जमीनमालकांसाठी तिची धाकटी आवृत्ती आली आणि २०१५ मध्ये दोन्ही मोडून एक नवी योजना केली. उसाच्या जमिनीवर बंगले, गोल्फ मैदानं आणि मॉल आले. भांडवल यंत्रांकडून सिमेंटकडे सरकलं.

म्हणून शीटमध्ये यंत्रसामग्रीला एकूण गुंतवणुकीने (विमान वगळून) भागा आणि त्या गुणोत्तराची तीन वर्षांची सरकती सरासरी (दरवर्षी ते वर्ष आणि आधीची दोन) काढा. एका वर्षाचं गुणोत्तर वापरू नका. एखाद्या वीजकेंद्राची जनित्रं एकाच वर्षात उतरतात. हे गुणोत्तर पाच-सात वर्षं खाली जात असेल आणि निवासी इमारतींचा हिस्सा वर जात असेल, तर देश घरं विकून चालतो आहे, कारखाने उभारून नव्हे. यात वाईट काही नाही असं म्हणणारेही आहेत. आमच्या मते प्रश्न एवढाच: बंगला एकदा विकला जातो, यंत्र दरवर्षी माल देतं.

एफडीआय: आला किती आणि थांबला किती

एफडीआयचे आकडे बँक ऑफ मॉरिशस ही तिथली मध्यवर्ती बँक देते, क्षेत्रवार आणि देशवार. दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, ‘ग्लोबल बिझनेस’ कंपन्या. या मॉरिशसमध्ये नोंदलेल्या, पण धंदा बाहेर करणाऱ्या. भारतात एप्रिल २००० पासून आलेल्या एकूण थेट परकीय गुंतवणुकीत मॉरिशसचं नाव अनेक वर्षं सगळ्यात वर राहिलं ते याच वाटेने, दोन्ही देशांमधल्या जुन्या करकरारामुळे. मे २०१६ मध्ये तो करार सुधारला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवरच्या नफ्यावर कर लावायचा हक्क भारताला मिळाला. हा पैसा बेटावरून जातो, बेटावर मुरत नाही. या कंपन्या धरलेला आकडा आणि वगळलेला आकडा यांत प्रचंड तफावत असते. आंतरराष्ट्रीय संस्थांचा आकडा आणि मध्यवर्ती बँकेचा आकडा जुळत नाही तेव्हा पहिला संशय इथे घ्या. शीटसाठी वगळलेलाच घ्या.

दुसरी, वगळलेल्या आकड्यातही मोठा वाटा स्थावर मालमत्तेचा असतो, आणि फ्रान्स व दक्षिण आफ्रिका ही नावं वारंवार वर दिसतात. बँकेचा तक्ता त्यातला बंगले-योजनांचा भाग वेगळा दाखवतो. तो वजा करून उरलेली रक्कम पाहा. परदेशी माणसाने दिलेल्या किमतीत जमीन, बांधकाम आणि विकासकाचा नफा असे तिन्ही असतात; भांडवल निर्मितीत फक्त बांधकाम जातं, तेही ज्या वर्षी झालं त्या वर्षी. पैसे आधी आणि भिंती नंतर, असंही होतं. चालू हॉटेलचे शेअर्स एका परदेशी समूहाने घेतले तर एफडीआय दिसेल, नवी खोली एकही नाही.

जाता जाता, बंगल्याची जाहिरात पाहून हुरळणाऱ्यांसाठी: निवास परवान्यासाठी किमान खरेदी २०२० मध्ये ५ लाख डॉलरवरून ३ लाख ७५ हजार डॉलरवर आणली गेली. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाठवायचे तर दोघांची नावं मालकीत हवीत.

सरकारी प्रकल्प आणि आयातीचा हिशेब

एकूण गुंतवणुकीत खाजगी वाटा साधारण तीन चतुर्थांश. पण हेलकावे सरकारी भागात जास्त, कारण प्रकल्प मोजके आणि मोठे. मेट्रो एक्स्प्रेस ही शहरी रेल्वे हे ठळक उदाहरण. भारताने २०१६ मध्ये ३५.३ कोटी डॉलरचं विशेष साहाय्य दिलं. त्यातून मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचं रुग्णालय अशी कामं झाली. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि न्यायालयाच्या इमारतीचं जुलै २०२० मध्ये झालं.

पैसा अनुदानाचा असो वा कर्जाचा, बांधकाम झालं की भांडवल निर्मितीत पूर्ण मोजलं जातं. पण त्याच वर्षी जीडीपी तेवढा वाढत नाही. मेट्रोचं कंत्राट लार्सन अँड टुब्रोकडे, गाड्या स्पेनच्या कारखान्यातल्या, सिमेंट आणि पोलाद बाहेरचं. जीडीपीच्या सूत्रात गुंतवणूक अधिक होते तेव्हा तिच्यासाठी झालेली आयात उणे होते. बेटावर उरतात मजुरी, वाहतूक, खडी आणि स्थानिक पोटकंत्राटं. ‘गुंतवणूक वाढली, मग विकासदर का नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आयातीच्या रकान्यात असतं.

उभं राहिलं म्हणजे चाललं, असंही नाही. गुहागरातला दाभोळ वीजप्रकल्प आठवा: पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू, २००१ मध्ये बंद. भांडवल म्हणून तो बांधताना पूर्ण मोजला गेला. बंद पडल्यावर मागचे आकडे कोणी कमी केले नाहीत. म्हणून हॉटेलांच्या बांधकामाशेजारी खोल्या किती भरतात ते लिहा, मेट्रोशेजारी प्रवासी.

एक गल्लत अलीकडची. २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेने ८० अब्ज रुपयांच्या निधीसह मॉरिशस इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन काढलं आणि अडचणीतल्या हॉटेल कंपन्यांसह अनेकांचे रोखे घेतले. नावात ‘इन्व्हेस्टमेंट’ असलं तरी हा पैसा बहुतांशी तग धरण्यासाठी होता. तो भांडवल निर्मितीत मिळवू नका.

भाजक घसरला तर

२०२० मध्ये मॉरिशसचा जीडीपी सुमारे १५ टक्क्यांनी आकसला. गुंतवणूकही पडली, पण दर काढताना वरचं आणि खालचं दोन्ही घटल्यामुळे गुणोत्तर त्या मानाने कमी घसरलेलं दिसतं. पुढच्या वर्षाची वाढ उलट फुगून दिसते. उपाय साधा: २०२१ पासूनच्या प्रत्येक वर्षाची तुलना २०१९ शी करा, आदल्या वर्षाशी नाही.

घसाऱ्याकडेही बघा. खाऱ्या वाऱ्यात पत्रे, पंप आणि खिडक्यांच्या चौकटी किती वर्षं टिकतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बेटावर स्थूल गुंतवणुकीतला मोठा भाग जुनं बदलण्यातच जातो. जागतिक बँकेच्या माहितीसाठ्यात स्थिर भांडवलाच्या झिजेची मालिका मिळते. ती वजा केल्यावर निव्वळ भर किती ते कळतं.

ताळा कसा करायचा

यंत्रं जवळपास सगळी बाहेरून येतात, म्हणून यंत्रसामग्रीचा रकाना सीमाशुल्काच्या आकड्यांतल्या ‘यंत्रं आणि वाहतूक साधनं’ या आयात गटाशी ताडून पाहा. दोन्हींची दिशा वेगळी असेल तर आधी विमान कुठे धरलं आहे ते तपासा. बांधकामासाठी सिमेंटची आयात चांगली खूण आहे: सिमेंट ज्यापासून दळतात ते क्लिंकर देशात होत नाही, त्यामुळे आलेलं सिमेंट म्हणजे वापरलेलं सिमेंट, एखाद्या महिन्याच्या साठ्याचा फरक सोडला तर. टनात मोजा, रुपयांत नको. तिसरी खूण बँक कर्जाची. बांधकाम, पर्यटन आणि कारखानदारी यांना दिलेल्या कर्जाचे आकडे मध्यवर्ती बँक दर महिन्याला देते. पण कर्ज फेडण्यासाठी घेतलेलं नवं कर्जही त्यातच असतं.

माल विकायला निघालेल्याने एकूण आकडा सोडून आपलाच रकाना पाहावा: फर्निचर आणि स्वयंपाकघराच्या कामांना निवासी आणि हॉटेल बांधकाम, पंप-जनित्रांना यंत्रसामग्री. बांधकाम सुरू झाल्यावर आतल्या सामानाची मागणी वर्ष-दीड वर्षाने येते, त्यामुळे आजच्या तक्त्यातली वाढ ही तुमची पुढच्या वर्षाची ऑर्डर. भारत–मॉरिशस व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आपली वस्तू त्याच्या सवलतीच्या यादीत आहे का, हे एचएसएन (वस्तूंच्या वर्गीकरणाच्या) क्रमांकावरून आधी पाहून घ्या. उत्पत्तीच्या दाखल्याशिवाय ती सवलत मिळत नाही.

चालू वर्षाचा रकाना शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवा. तो अंदाज असतो, आणि वर्षभरात दोन-तीनदा बदलतो. सरकारी प्रकल्प वेळेवर होतील असं गृहीत धरून पहिला अंदाज केला जातो, त्यामुळे तो बहुधा नंतर खालीच येतो. प्रत्येक वेळी जुना आकडा न पुसता शेजारी नवा लिहीत गेलात, तर तीन-चार वर्षांत पहिल्या अंदाजातून किती टक्के कापायचे याचा स्वतःचा गुणक हाती येईल.